कथासंग्रह सलग वाचता की एकेक कथा सुटी?

हिंगणारोड | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मार्चपासून गाडी घरी ठेवून मेट्रोनं ऑफिसला जातो. वासुदेव नगरला चढायचं, सीताबर्डीला उतरायचं. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. मोबाइल बघून मान धरायला लागली म्हणून घराजवळच्या वाचनालयात नाव घातलं. कादंबरी या हिशेबात बसेना, रोज आदल्या दिवशीची पाच पानं परत वाचावी लागत. म्हणून कथासंग्रह मागितला. काउंटरवरचे काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "कथा? कोणी नेत नाही हो. पोरं स्पर्धा परीक्षेचं नेतात, बाकीच्यांना जाडजूड लागतं." पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला असतो ना, त्यावर आधी दाटीनं शिक्के, निळे, जांभळे. मग एकदम सहा वर्षं काही नाही. त्याखाली माझा.

पुस्तक आशा बगे यांचं 'मारवा'. त्या आपल्याच नागपूरच्या, आणि इतकी वर्षं मी त्यांचं काही वाचलं नव्हतं, हे कबूल करतो.

आता मुद्दा. परवा एक कथा शंकर नगर स्टेशनाला संपली. अजून तीन स्टेशनं होती, म्हणून लगेच पुढची काढली. दोन-अडीच पानं झाली आणि उतरलो. दिवसभर डोक्यात काला. पहिल्या कथेतली बाई दुसऱ्या कथेतल्या घरात जाऊन बसली. दोन्ही कथा वाया गेल्या. तेव्हापासून नियम केलाय, दिवसाला एकच. उरलेल्या वेळात खिडकीबाहेर बघायचं.

तुम्ही कसं वाचता? माझं मत असं की कथासंग्रह सलग वाचूच नये.

---

तर्रीपोहे | ९.५२

एक कथा म्हणजे एक प्लेट. दुसरी प्लेट घेतली की पहिलीची चव जाते. पण दुसरी घेतल्याशिवाय उठवत नाही, त्याचं काय करायचं ते सांगा.

---

कथाकली | १०.१५

हिंगणारोड, स्वागत! पण साफ असहमत.

कथांचा क्रम लेखक आणि संपादक डोकं लावून ठरवतात. पहिली कोणती, मध्ये हलकी कुठे घालायची, शेवटी काय उरवायचं, यावर महिने जातात. तुम्ही मध्ये चोवीस तास घातले की ती वीण उसवते. मी एका रविवारी सकाळी बसते आणि रात्री संपवते. एखाद्या लेखकाचा आवाज सलग ऐकला की त्याच्या खोडी कळतात. कोण दर दुसऱ्या कथेत पाऊस पाडतो, कोणाच्या बायका सारख्या खिडकीशी उभ्या असतात, कोणाला शेवट जमत नाही म्हणून तो माणूसच मारून टाकतो!

---

संधिप्रकाश | १०.३०

विषयांतर आहे, पण राहवत नाही. मारवा हा सूर्यास्ताच्या वेळचा राग. पंचम वर्ज्य, त्यामुळे टेकायला जागाच नाही. षड्जसुद्धा गवई टाळत टाळत घेतो. तुम्ही तो सकाळी नऊच्या मेट्रोत वाचता आणि वर म्हणता डोक्यात काला झाला. परतीच्या गाडीत वाचून बघा.

---

हिंगणारोड | १०.३४

परतीच्या गाडीत उभं राहायला जागा मिळते हेच खूप. पण मुद्दा पटला :)

---

जुनाअंक | रात्री ११.२०

मी ७१ वर्षांचा. माझ्या पिढीला हा प्रश्नच पडला नसता, कारण आम्ही संग्रह वाचतच नव्हतो, कथा वाचत होतो. 'सत्यकथा' महिन्याला यायची. त्यात ज्याची कथा असेल त्याची असेल. ती वाचून झाली की त्याची पुढची कधी येईल याचा भरवसा नसे. सहा महिनेही लागत. त्या काळात ती एकच कथा आम्ही चघळत बसायचो, बर्डीवर चहा पिता पिता तिच्यावर भांडायचो. १९८२ साली 'सत्यकथा' बंद झाली, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं.

संग्रह निघायचा तो नंतर, म्हणजे तीन-चार वर्षांत इकडंतिकडं छापून आलेल्या कथांचं गाठोडं. त्यामुळे कथाकलीताई म्हणतात ती वीण असते हे खरं, पण ती मागाहून घातलेली. कथा लिहिताना लेखकाच्या मनात एकच कथा असते.

दिवाळी अंकांचंही तेच. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस कथा फराळाबरोबर वाचत आलाय. एक अनारसा, एक कथा. आमच्याकडे लायब्ररीची दिवाळी अंकांची योजना असायची, पैसे भरायचे आणि संक्रांतीपर्यंत अंक बदलून आणायचे. चांगला अंक हाती आला की त्यातली नेमकी उत्तम कथा कोणीतरी ब्लेडनं कापून नेलेली असे. अशा दोन कथांचे शेवट मला अजून माहीत नाहीत.

---

तर्रीपोहे | ११.२६

काका, ब्लेडवाला सलग वाचणारा नसावा. त्याची निवड पक्की होती.

---

कूलरचा_पंप | मंगळवार, सकाळी ८.०५

जीए (कुलकर्णी) कोणी काढले नाहीत अजून? मग मीच काढतो.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, परीक्षेच्या आधीच्या सुट्टीत, होस्टेलवर 'पिंगळावेळ' चार दिवसांत सलग वाचलं. मे महिना. खोलीत कूलरचा पंप बिघडलेला (आयडीचं रहस्य कळलं असेलच). चौथ्या दिवशी रूममेटनं मेसचं ताट खोलीत आणून दिलं आणि हळूच विचारलं, "कोण होती बे?" त्याला वाटलं माझा प्रेमभंग झालाय. एका विषयात बॅकही राहिला.

जीए सलग वाचणं म्हणजे मे महिन्यात दुपारी दोनला झिरो माइलच्या दगडाला टेकून उभं राहणं. हिंगणारोड यांच्या नियमाला +१.

---

कथाकली | ८.४०

@कूलरचा_पंप, पण तुम्हाला ते चार दिवस आज इतक्या वर्षांनी आठवतात. रोज एक वाचली असती तर आठवले असते का? आणि 'रमलखुणा'चं काय करणार? त्यात कथाच दोन, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. रोज एक म्हणजे दोन दिवसांत संग्रह खलास!

---

कूलरचा_पंप | ८.४४

'इस्किलार' एका फेरीत संपवायची तर मेट्रो चंद्रपूरपर्यंत न्यावी लागेल.

---

मुक्कामपोस्ट_नरखेड | ९.१०

मेट्रोच्या मापाची कथा पाहिजे तं वामन चोरघडे घ्या ना. आमच्या नरखेडचे. १९७९ च्या चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आटोपशीर कथा, गाडी सुभाष नगरले पोचायच्या आत संपते, आणि मंग खरी सुरू होते. आमच्या नरखेडातल्या पोट्ट्यायले विचारा, कोण चोरघडे? म्हणतील, कोणत्या वार्डातले?

---

इंदोरा_१४ | ११.००

वरचं सगळं वाचलं. चव, राग, अनारसा, छान चाललंय. एक वेगळं सांगतो, रागावू नका.

बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' मी दीक्षाभूमीला घेतलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पुस्तकांचे स्टॉल लागतात, ते नागपूरकरांना सांगायला नको. बाहेरगावचे लोक डोक्यावर गाठोडं, काखेत पोर आणि हातात पुस्तकांची पिशवी घेऊन परत जातात. मी तेव्हा बारावीत होतो. वडिलांनी वीस रुपये दिले होते खायला. त्यात एक जुनी, पाठ फाटलेली प्रत आली.

त्या रात्री पूर्ण वाचलं. नियम वगैरे काही सुचला नाही. जात लपवून रेल्वेत लागलेल्या माणसाची कथा वाचल्यावर 'आता उद्या पुढची' असं म्हणून झोपणं मला शक्यच नव्हतं. पुस्तक १९६३ चं, आणि मी भाड्याची खोली बघायला गेलो की घरमालक आजही आधी आडनाव विचारतो. मी सलग वाचलं ते चवीसाठी नाही. यातून पुढे कोणी सुटतंय का, ते बघायचं होतं.

कथासंग्रहावर नेहमी लिहिलेलं असतं, 'मानवी अनुभवांचा पट'. कोणता मानव ते आधी सांगत जा, एवढंच.

---

हिंगणारोड | ११.४५

इंदोरा_१४, रागवायचं काय त्यात. माझा नियम माझ्या वीस मिनिटांपुरता होता, मी तो सगळ्यांना लावला. बागुल वाचले नाहीत. आज विचारतो काकांना.

---

जुनाअंक | दुपारी १२.१०

इंदोरा_१४, तुमचं बरोबर आहे. 'मरण स्वस्त होत आहे' हेही वाचलं असेलच. आम्ही चहा पिऊन ज्या कथांवर भांडायचो त्यात बागुल फार उशिरा आले. तो आमचा दोष.

---

वऱ्हाडी_ठेचा | १.३०

माझी तक्रार निराळीच आहे. आपल्याकडच्या कथा वाचल्या की पात्रं राहतात अमरावतीच्या पुढं आणि बोलतात सदाशिव पेठेत! बाई चुलीपुढं बसून म्हणते, "अगं बाई, असं का बरं झालं?" अरे, कोणती बाई असं म्हणते? ती म्हणन, "काहून गं माय, असं काहून झालं?" उद्धव शेळक्यांनी 'धग'मधे वऱ्हाडी बोली कशी चालवली, ते पाहा. ती कादंबरी आहे, माहीत आहे, लगेच धावून येऊ नका.

---

मुठेकाठी | १.४८

पण बोली जास्त झाली की बाहेरच्या वाचकाचं काय? एका वैदर्भीय कथेत नायिका वरणावर सांबार टाकते. मी दहा मिनिटं विचार करत होतो की वरणावर सांबार कशाला, दोन्ही डाळीचंच.

---

वऱ्हाडी_ठेचा | १.५०

😂😂 सांबार म्हणजे कोथिंबीर, भाऊ!

---

तर्रीपोहे | १.५१

आणि इडलीबरोबर काय खाता, असं विचारू नका. तिथंही सांबारच. वरून सांबार टाकलेला.

---

मुठेकाठी | १.५५

तळटीप द्यायला काय जातं लेखकाचं?

---

वऱ्हाडी_ठेचा | १.५८

तुम्ही आम्हाला 'मंडई' म्हणजे काय याची तळटीप दिली होती का? आमची मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, नाटकं, दंडार. आम्ही गेलो पुण्याला, म्हटलं चला मंडई पाहू, तर तिथं वांगे.

---

संपादक मंडळ | २.३०

बोलीभाषेसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. (वांग्यांचा प्रतिसाद आवडला, म्हणून उडवलेला नाही.)

---

मुठेकाठी | ४.१५

बरं, मूळ विषय. सलग की सुटी हा प्रश्न पडायला लोक कथा वाचतात तरी का? मराठी कथा केव्हाच संपली. प्रकाशकाला विचारा, तो हात जोडतो आणि म्हणतो कादंबरी आणा.

---

कथाकली | ४.४०

संपली? २०१२ चा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'ला, २०१६ चा आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला, २०२१ चा किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला. तिन्ही कथासंग्रह. आणि २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर बानू मुश्ताक यांना, कन्नड कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासाठी. बारा कथा. त्या पुरस्कारात कथासंग्रह जिंकायची ती पहिलीच वेळ. मेलेल्याला कोणी इतके हार घालतं का?

---

तर्रीपोहे | ४.४२

ताई, हार मेलेल्यालाच घालतात.

---

कथाकली | ४.४३

तर्रीपोहे, तुम्ही माझ्या बाजूचे की नाही?

---

तर्रीपोहे | ४.४४

मी पोह्यांच्या बाजूचा.

---

जुनाअंक | ५.३०

पुरस्काराचं सांगता म्हणून आठवलं. जीएंना 'काजळमाया'साठी साहित्य अकादमी मिळाला होता, तो त्यांनी परत केला. धारवाडला राहून मराठी लिहिणारा माणूस. आता तिकडच्याच भाषेतल्या कथांना बुकर. मुठेकाठीसाहेब, कथा संपलेली नाही, आपण वाचनालयात विचारायचं सोडलंय. त्या तारखांच्या कागदाबद्दल हिंगणारोडांनी लिहिलं ते वाचून मला झोप आली नाही.

---

दोन_नंबरची_सून | रात्री १०.५०

हा धागा दोन दिवस वाचतेय. आमच्याकडे वेगळीच तऱ्हा आहे, लिहू की नको करत होते.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचन बंद सांगितलं. त्या काटोलकडच्या, सातवी शिकलेल्या, पण दुपारी पुस्तक लागायचंच. म्हणून जेवणं झाली की मी मोठ्यानं वाचते. एक कथा, कारण त्यानंतर मला भांडी आवरायची असतात. म्हणजे नियम माझ्याकडेही आहे, पण तो भांड्यांनी केलेला.

पहिली अडचण कूलर. आमचा जुना पत्र्याचा, वाळ्याच्या टट्ट्यांचा. तो चालू असला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही, बंद केला तर जीव जातो. त्यामुळे मला ओरडून वाचावं लागतं. कोणी तरी हळुवार, करुण कथा ओरडून वाचून बघा. 'ती काहीच बोलली नाही' हे वाक्य मी इतक्या जोरात म्हटलं की वरच्या मजल्यावरच्या काकू काय झालं ते बघायला खाली आल्या.

दुसरी अडचण म्हणजे हल्लीच्या कथांचे शेवट. कथा संपली की मी पुस्तक मिटते. सासूबाई थांबून राहतात. मग म्हणतात, "वाच ना पुढं." मी म्हणते, संपली आई. "अशी कशी संपली? ती परत गेली का नाही नवऱ्याकडं?" मी म्हणते, लेखिकेनं ते आपल्यावर सोडलंय. "आपल्यावर काहून? तिले माहीत नाही?" मला हसू येतं आणि उत्तर सुचत नाही.

पण दुसऱ्या दिवशी गंमत होते. सकाळी त्या ओट्याशी सांबार निवडत बसतात (मुठेकाठी, कोथिंबीर), बोटांनीच चाचपून, काड्या वेगळ्या, पानं वेगळी. आणि मध्येच बोलतात. परवा म्हणाल्या, "नाही गेली ती परत. जातानी तिनं डबा धुऊन पालथा घातला ना? परत यायचं असलं तं बाई डबा तसाच भिजत टाकते." मी जाऊन ती ओळ शोधली. होती. ओरडून वाचताना माझ्या लक्षातही आली नव्हती.

कथेचं नाव देत नाही, पुढं कोणी वाचणार असेल तर शेवट फुटेल.

---

संधिप्रकाश | ११.१५

वाः. एवढंच.

---

वऱ्हाडी_ठेचा | ११.१६

आजींना आयडी काढून द्या. समीक्षेची जागा रिकामी आहे.

---

कथाकली | बुधवार, सकाळी ७.३०

दोन_नंबरची_सून, रात्री दोनदा वाचला प्रतिसाद. मी रविवारी सकाळी बसून रात्री संपवणारी. माझ्या किती कथांमध्ये असे डबे राहून गेले असतील, असा विचार करत बसले. अजून म्हणणार की क्रमाला अर्थ असतो! पण आता आधी रोज एक आणि मग एकदा सलग, असं करून बघते.

---

इंदोरा_१४ | ९.२०

आजींना बागुल वाचून दाखवा. त्या काय म्हणतात ते ऐकायचंय. कूलर बंद करून.

---

दोन_नंबरची_सून | ९.३५

दाखवते. पण त्या कथेवर त्या दुसऱ्या दिवशी काही बोलतील असं वाटत नाही. आडनाव विचारणारं घर आमचंही आहे. लग्नाच्या आधी माझं विचारलं होतं.

---

हिंगणारोड | पुढचा सोमवार, रात्री ९.१५

आठवड्यानं येतोय, माफी असावी. खातेवही सांगतो.

संधिप्रकाश यांचं ऐकून तीन दिवस परतीच्या गाडीत वाचलं. दोन दिवस उभ्यानं, तिसऱ्या दिवशी जागा मिळाली. गाडी अंबाझरीच्या बाजूनं जाते तेव्हा उजेड पिवळा पडलेला असतो. तुमचं बरोबर होतं.

एकदा मुद्दाम रविवारी कथाकली पद्धतीनं तीन कथा सलग वाचल्या. क्रमाचं कळलं काही. काला मात्र झालाच.

'मारवा' परत करायला गेलो. बागुल मागितले. काका म्हणाले, बाहेर गेलंय. मी म्हटलं, तुम्ही तर म्हणाला होता कथा कोणी नेत नाही. ते म्हणाले, "मलाही नवल वाटलं. परवा एक बाई येऊन घेऊन गेल्या. मोठ्या टाइपात आहे का, असं विचारत होत्या."

---

दोन_नंबरची_सून | ९.४०

हिंगणारोड, तुमचं घर नेमकं कुठे हो? आम्ही त्रिमूर्ती नगरला.

दोन कथा झाल्या. सासूबाईंनी कूलर स्वतःच बंद करायला सांगितला. तिसरी उद्या. पुस्तक १५ तारखेपर्यंत आहे माझ्याकडे.

---

तर्रीपोहे | ९.४१

काकांना म्हणा, शिक्क्याची शाई आणून ठेवा.